वाचकांचे प्रश्न: पूर्वीची बिअर आता का चालत नाही?

प्रश्न: मी पुण्यात राहतो, वय 47. सांगलीला इंजिनिअरिंग करताना आम्ही मित्र स्ट्राँग बिअरची एक बाटली दोघांत घ्यायचो आणि खूश असायचो. पुढे पुण्यात मायक्रोब्रुअरी आल्या, कामानिमित्त जर्मनीत आणि चेक भागात जाणं झालं, तशी आवड बदलत गेली. आता तेच मित्र दरवर्षी दिवेआगरला जमतात तेव्हा माझी पंचाईत होते. त्यांनी आणलेली बिअर एका घोटापलीकडे घशाखाली उतरत नाही. हिरव्या बाटलीतल्या बिअरला तर वासच येतो. गंमत म्हणजे तोच ब्रँड हॉटेलात ड्राफ्ट घेतला तर चांगला लागतो. मित्र म्हणतात, "याला पैसा चढलाय." खरंच जीभ बदलते, की हे माझ्या मनाचे खेळ?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. हिरव्या बाटलीचा वास हा बिअरमधला खरा बिघाड आहे. स्ट्राँग न आवडणं ही तुमची आवड आहे. दोन्हींची उत्तरं वेगळी.

आधी वास. बिअर कडू होते ती हॉप्समुळे, म्हणजे एका वेलीच्या फुलांमुळे. ती उकळली की त्यांच्यातली अल्फा आम्लं रूप बदलून बिअरमध्ये उतरतात. या कडू द्रव्यांवर उजेड पडला, की बिअरमध्ये मुळातच असलेलं बी-2 जीवनसत्त्व तो उजेड पकडतं, कडू द्रव्याचा रेणू तुटतो आणि गंधकाशी जुळून एक थायॉल तयार होतं. ते इतकं उग्र असतं की लिटरभर बिअरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश असलं तरी नाकाला कळतं. इंग्रजी पुस्तकांत त्याला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. तो प्राणी आपण कधी हुंगलेला नसतो, म्हणून बिअर कारखान्यात असताना मी शिकाऊ मुलांना "जळकं रबर आणि शिळा लसूण" असं सांगायचे आणि ते त्यांना लगेच कळायचं. तपकिरी काच हा घातक उजेड बराचसा अडवते, हिरवी फार थोडा. कॅनमध्ये आणि ड्राफ्टच्या केगमध्ये, म्हणजे नळाला जोडलेल्या धातूच्या पिंपात, तो शिरतच नाही. म्हणून तुमचा ब्रँड हॉटेलात चांगला लागतो. दुकानाच्या दर्शनी फ्रिजमध्ये पांढऱ्या ट्यूबखाली आठवडे काढलेली हिरवी बाटली तुम्ही ओळखलीत, म्हणजे तुमचं नाक तल्लख आहे. यात मनाचे खेळ कुठेच नाहीत. आणि समुद्रावर बसणार असाल तर हेही लक्षात ठेवा: भर उन्हात ठेवलेल्या पेल्यातली बिअरसुद्धा काही मिनिटांत अशीच बिघडते, मग ती कितीही महागाची असो.

आता स्ट्राँग. आपल्याकडे 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड, त्यावर 8 टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. देशात खप सर्वांत जास्त स्ट्राँगचाच. अल्कोहोल तेवढं चढवायला माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, तांदूळ, मका किंवा साखर वापरतात आणि हॉप्स बेतानेच घालतात. साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं. अल्कोहोल वाढतो, पण माल्टमुळे तोंडात जो भरीवपणा येतो तो येत नाही. शिवाय साखरेने गाढ झालेल्या रसात यीस्टवर ताण पडतो आणि एथिल ॲसिटेटसारखी द्रव्यं जास्त तयार होतात, ज्यांना नेलपॉलिशचा वास असतो. तुम्हाला नको वाटतं ते बहुधा हेच, वर अल्कोहोलचा चटका. विशीत तो चटका हवाहवासा वाटत होता, कारण बाटली त्यासाठीच घेतली होती. मात्र एक सांगते. स्ट्राँग बिअर स्वच्छ काढणं हे माइल्डपेक्षा अवघड काम आहे, आणि ते जीव ओतून करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. तिला सरसकट नावं ठेवलेली मला आवडत नाहीत.

जीभ बदलते का? कडू चव माणसाला जन्मतः नको असते, कारण निसर्गात बरीचशी विषं कडू असतात. कारलं जसं पुन्हा पुन्हा पानात पडून चाळिशीत आवडायला लागतं, तशीच हॉप्सची कडू चव सवयीने गोड होते. पण तुमच्यात झालेला बदल त्याहून मोठा आहे, आणि तो नाकाचा आणि स्मरणाचा आहे. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं घोट गिळल्यावर घशामागून नाकात चढलेल्या वासातून येतं.

वाळूजच्या एका बिअर कारखान्यात मी गुणवत्ता विभागात नोकरी केली. तिथे हा बदल माणसांमध्ये घडताना रोज बघायला मिळायचा. सकाळी अकराच्या सुमारास, जेवणाआधी, बिअर चाखून तपासणाऱ्यांचं पॅनेल बसायचं. त्या दिवशी गजरा माळायचा नाही, अत्तर आणि सुगंधी तेल नाही, आधी तासभर चहा नाही. पेले गडद रंगाचे, रंगावरून कुणी अंदाज बांधू नये म्हणून. बिअरच्या आधी पाणी चाखायचं, मग ज्यात कार्बन डायऑक्साइड सोडलाय असं पाणी चाखायचं. वायूलाच वास असेल तर तो टाकीभर बिअरमध्ये उतरतो. वाइन चाखणारे घोट थुंकतात. आम्ही लहानसा घोट गिळायचो, कारण तो घशाखाली गेल्यावर कडवटपणा किती रेंगाळतो हे बघायचं असतं. नव्या मुलांना एकाच चांगल्या बिअरमध्ये एकेक दोष मुद्दाम मिसळून द्यायचो. डायअसेटिल मिसळलं की लोण्याचा वास, डीएमएसचा उकडलेल्या मक्याचा, आणि ट्रान्स-2-नोनेनलचा ओल्या पुठ्ठ्याचा, जो जुन्या झालेल्या बिअरला येतो. सुरुवातीला सगळ्यांचं उत्तर एकच: "काहीतरी वेगळं लागतंय." काही आठवड्यांत तीच मुलं पेला नाकाशी नेता नेता दोषाचं नाव सांगायची.

या मुलांचं पुढे काय झालं, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय. त्यांना कमी बिअर आवडू लागल्या असं झालं नाही. पूर्वी ज्या कडू किंवा काळ्या म्हणून बाजूला सारायचे, त्यांतलंही चांगलं काय ते त्यांना कळायला लागलं. त्यांनी नाकारलं ते बिघडलेलं, आणि ते का नाकारलं हे त्यांना सांगता यायचं. तुमच्या चोखंदळपणाची परीक्षा मी इथेच घेईन. स्वस्त लेगरची, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या सोनेरी बिअरची, ताजी, तपकिरी बाटली समोर आली आणि "ही साधी आहे, पण स्वच्छ आहे" असं तुमच्या तोंडून निघालं, तर मित्रांचं बोलणं मनावर घेऊ नका. फक्त लेबल बघून नाक मुरडत असाल, तर मात्र ते म्हणतात त्यात तथ्य आहे.

एक इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तुम्ही चेक भागात गेला होतात म्हणून तर नाहीच. बोहेमियातल्या प्लझेन शहरात 1838 साली बिअरची 36 पिंपं नगर सभागृहासमोर ओतून दिली गेली, कारण ती पिण्याजोगी नव्हती. बिअर काढण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा ब्रूअर आणला. तिथलं मृदू पाणी, फिकट भाजलेलं माल्ट, झाटेत्सचे सुवासिक हॉप्स आणि थंड तळघरात सावकाश काम करणारं लेगर यीस्ट, यांतून 1842 च्या शरदात पहिली पिल्सनर निघाली. आज जगभर खपणारी सोनेरी लेगर, आपल्या वाइन शॉपातलीसुद्धा, तिचीच वंशज आहे. फरक एवढाच की प्लझेनची मूळ बिअर अजूनही चांगली कडू आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक लेगर त्या मानाने अगदी सौम्य. एका गावाने वाईट बिअर प्यायला नकार दिला म्हणून हे घडलं. त्यामुळे चोखंदळ माणसांबद्दल मला आदरच आहे.

दिवेआगरला यंदा खरेदी तुम्ही करा. सगळ्यांसाठी करा, स्वतःपुरती नको. कॅन घ्या, उत्पादनाची तारीख बघून महिन्या-दोन महिन्यांतले निवडा, बर्फाच्या पेटीतून न्या आणि सावलीत उघडा. वासाचं रसायन मित्रांना समजावून सांगत बसू नका. फरक त्यांना पहिल्या घोटाला कळेल.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. शनिवारी एक माइल्ड बिअर घेतो, गेली कित्येक वर्षं एकच ब्रँड. मुलगी 28 वर्षांची, बेंगळुरूला नोकरी करते. घरी आली की "बाबा, याला काही चवच नाही" म्हणते आणि सोबत आणलेले महागडे कॅन उघडते. मला तिच्या बिअरमध्ये काही विशेष वाटत नाही. वाद घरात नको, पण हरायचंही नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर: सर, तिच्याबरोबर बसून बिअर घेता, हेच मला फार आवडलं. वादाचा निकाल लावायची एक पद्धत आम्ही कारखान्यात रोज वापरायचो. तीन सारखे पेले घ्या. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, तापमान सारखं, तिघांत मापही सारखं. ओतणारी व्यक्ती तिसरीच हवी, म्हणजे घरातल्या बाईंना सांगा. मग तुम्ही आणि मुलगी आळीपाळीने डोळे मिटून चाखा आणि वेगळा पेला कोणता ते सांगा. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येतं, म्हणून एका फेरीवर निकाल लावू नका. सहा-सात फेऱ्या करा, घोट मात्र अगदी छोटे.

तिच्या कॅनमध्ये हॉप्सचा भरपूर वास असलेली बिअर असेल तर वेगळा पेला तुम्हाला सहज सापडेल. मग तिला विचारा, वेगळं नेमकं काय आहे? तिला संत्र्याची साल, आंबा, गवत असं काही सांगता आलं, तर तुम्हीही ते शोधून बघा. एकदा सांगितलं की सापडतं. आणि तुमच्या बिअरमध्ये तिला पावाच्या कडेसारखा हलका माल्टचा वास सापडतो का, तेही तिला शोधायला लावा. सौम्य लेगरमध्ये दोष लपायला जागाच नसते, म्हणून ती नीट काढणं ब्रूअरसाठी कसोटीचं काम असतं. तुमच्या शनिवारच्या बिअरचा मान तिलाही कळायला हवा.

प्रश्न: ठाण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत गव्हाची बिअर घेतली. तिला चक्क पिकलेल्या केळ्याचा वास आणि मागून लवंग. वेटर म्हणाला, आम्ही काही घालत नाही. मला पटलं नाही. इसेन्स घालतात का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: वेटरने खरं सांगितलं, ताई. केळ्याचा वास ज्या आयसोॲमिल ॲसिटेटमुळे येतो, तेच द्रव्य बव्हेरियन गव्हाच्या बिअरचं यीस्ट स्वतः तयार करतं. लवंगेसारखा वास 4-व्हिनाइल ग्वायकॉल या द्रव्याचा, तोही यीस्टचाच. किण्वन थोडं गरम चालवलं की केळं पुढे येतं, गार ठेवलं की लवंग वर राहते. चांगल्या ब्रूअरची बिअर दोन्हींचा तोल साधते. केळंच केळं लागत असेल तर ती मलाही दुसऱ्या घोटाला नको होते.

चोखंदळ व्हायचं असेल तर यातली एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. लवंगेचा हाच वास लेगरला आला असता तर आम्ही ती टाकी अडवली असती, कारण लेगरमध्ये तो आला म्हणजे बहुतेक वेळा जंगली यीस्ट शिरलंय. एका बिअरमध्ये जो दोष, तो दुसरीत गुण. म्हणून पेला हातात आला की आधी विचारावं, ही कोणत्या जातीची बिअर आहे?

या जातीचा इतिहासही रंजक आहे. 1516 साली बव्हेरियात नियम झाला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच वापरायचं. यीस्टचं नाव त्यात नाही. गहू पावासाठी राखायचा होता. पुढे गव्हाची बिअर काढण्याचा हक्क तिथल्या राजघराण्याने दीर्घकाळ स्वतःकडे ठेवला आणि त्यावर चांगली कमाई केली.

गव्हाची दुसरी बिअर बेल्जियमची. होगार्डन गावात ती बंद पडली होती. पियेर सेलिस या माणसाने 1960च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. तिच्यात मात्र मसाला खरोखर घालतात: धणे आणि संत्र्याची साल. आपल्याकडे बाटलीत मिळणाऱ्या गव्हाच्या बिअर बऱ्याचदा या वळणाच्या असतात. बव्हेरियन वळणाची ताजी बिअर आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरींमध्ये छान मिळते. महाराष्ट्रात ही लाट पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासूनची. पुढच्या वेळी केळं की धणे, एवढंच हुंगून बघा. बोंबील फ्राय सोबत असेल तर धण्याची घ्या.

प्रश्न: नागपूरला मे महिन्यात 45 अंश असतात. मित्र म्हणतो, चांगली बिअर फार गार प्यायची नसते. मग आम्ही काय गरम प्यायची?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर: मुळीच नाही. मित्राचं म्हणणं काळ्या आणि जड बिअरसाठी खरं आहे. त्या 10-12 अंशांना खुलतात. लेगर मात्र 4 ते 6 अंशांना प्यावी, आणि नागपुरात फ्रिजमधून 3 अंशांना काढली तरी चालेल, कारण पेल्यात तिचं तापमान भराभर चढतं. बर्फ घालू नका आणि पेला फ्रीझरमध्ये गोठवू नका. अति गारठ्यात वास दबतो आणि मग चांगल्या-वाईटातला फरकच कळत नाही.

तुमच्याकडे खरी काळजी साठवणीची. कारखान्यात एक ढोबळ नियम सांगतात: 32 अंशांत 3 दिवस, 22 अंशांत 30 दिवस आणि 3 अंशांत 300 दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच जुनी होते. मग मे महिन्यात ट्रकमध्ये आणि पत्र्याच्या गोदामात तिचं काय होत असेल ते बघा. बाटलीवर 6 महिन्यांची मुदत असली तरी ओल्या पुठ्ठ्याचा वास त्याच्या कितीतरी आधी येऊ शकतो. उन्हाळ्यात खोकं भरून साठा करू नका. जिथे माल लवकर संपतो त्या दुकानातून लागेल तेवढीच, गार असलेलीच घ्या.

प्रश्न: मी पेला तिरका धरून, फेस अजिबात न येऊ देता बिअर ओततो. पैसे बिअरचे दिलेत, फेसाचे नाही. मुलगा म्हणतो फेस हवाच. कोण बरोबर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मुलगा. फेस म्हणजे माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं यांनी धरून ठेवलेला वायू. वास त्याच्यातूनच नाकापर्यंत येतो. शिवाय फेस न येऊ देता ओतलेल्या बिअरमधला वायू तसाच पोटात जातो आणि जेवणाआधीच पोट फुगतं. पेला तिरका धरून सुरुवात करा, अर्धा झाला की सरळ करा आणि वरून ओता. दोन बोटं फेस पुरे.

फेस आला आणि लगेच बसला तर पेला तपासा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर तिथे साबण किंवा तेलकटपणा राहिला आहे. बिअरचे पेले घरातल्या तेलकट भांड्यांच्या घासणीने घासू नयेत. वेगळी घासणी ठेवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि पुसायच्या ऐवजी जाळीवर उलटे घालून वाळू द्या. स्वच्छ पेल्यात प्रत्येक घोटागणिक फेसाची एकेक कड काचेवर राहत जाते. कांदाभजी खाताना मात्र ती मोजू नका. ओठांवरच्या तेलाने फेस बसतोच, त्यात बिअरचा काही दोष नाही.